पडद्यावरचे गुरुजी

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाला खेटून आयआयटी मद्रासचे आवार आहे. १९५९ साली जर्मनीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेत आजही वडाच्या सावलीत चितळांचे कळप निवांत चरताना दिसतात. या झाडीत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकायचे, तर देशभरातल्या लाखो मुलांशी स्पर्धा करावी लागते. त्यातल्या फार थोड्यांच्या नशिबी ते सुख येते.

परंतु गेल्या वीस वर्षांत या आवाराला आणखी एक दार झाले आहे. त्या दारातून आत जायला ना प्रवेश परीक्षा लागते, ना वसतिगृहाची खोली. हिंगोलीच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या घरात रात्रीची जेवणे आटोपतात, मुलगी मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते आणि आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकू लागते. आईला मात्र वाटते, पोरगी पुन्हा मोबाईलच बघत बसली! दोघींचेही चुकत नाही. एकाच पडद्यावर विद्याही आहे आणि टाइमपासही. प्रश्न एवढाच आहे, की यातले कोणते काय, हे ओळखायचे कसे?

शिक्षक पोचेनात, म्हणून...

देशात अभियांत्रिकी महाविद्यालये भराभर निघाली, पण तितक्या वेगाने चांगले शिक्षक तयार झाले नाहीत. इमारत वर्षभरात बांधता येते, प्राध्यापक घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात. या अडचणीवर उपाय म्हणून २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था एकत्र आल्या आणि केंद्र सरकारच्या पैशातून एक प्रकल्प सुरू झाला. तंत्रज्ञानाच्या मदतीने शिक्षण देण्याच्या या राष्ट्रीय कार्यक्रमाला सगळे 'एनपीटेल' या छोट्या नावाने ओळखतात. त्याचा कारभार चेन्नईहून, आयआयटी मद्रासमधून चालतो. तिथले तेव्हाचे संचालक प्रा. एम. एस. अनंत यांनी या कामासाठी विशेष पुढाकार घेतला होता.

कल्पना साधी होती. नामवंत प्राध्यापकांनी स्टुडिओत उभे राहून आपला विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवायचा आणि ती व्याख्याने सर्वांसाठी खुली करायची. पुढे २०१४ पासून नुसते ऐकण्यावर न थांबता परीक्षा आणि प्रमाणपत्राचीही सोय झाली. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो. दर आठवड्याला गृहपाठ असतो. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचे असेल तर शुल्क भरावे लागते आणि ती परीक्षा घरबसल्या नव्हे, तर केंद्रावर जाऊन द्यावी लागते. २०१७ साली केंद्र सरकारने 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा त्यातील अभियांत्रिकीची बाजू एनपीटेलकडेच आली. काही अभ्यासक्रमांचे लिखित पाठ आता मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरवण्यात आले आहेत.

विद्यापीठांनीही या शिक्षणाला मान्यता दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यास 'स्वयम्'वरून पूर्ण करता येत असे. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली. आयआयटी मद्रासने तर २०२० साली प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स या विषयाचा पदवीपर्यंत नेणारा अभ्यासक्रमच इंटरनेटवरून सुरू केला.

म्हणजे संकेतस्थळ पाहून शिकणे हा आता फावल्या वेळचा उद्योग राहिलेला नाही. त्यावर गुण अवलंबून आहेत, पदवी अवलंबून आहे आणि उद्याची नोकरीही. म्हणूनच चुकीच्या पानावर विश्वास टाकला, तर नुकसानही तितकेच मोठे होते.

न झालेली लढाई

एनपीटेलच्या पानावर शिकवणाऱ्याचे नाव असते, त्यांची संस्था असते, अभ्यासक्रमाची रूपरेषा असते. पण विद्यार्थी तिथे थोडाच थांबतो? एखादा मुद्दा कळला नाही, की तो शोधयंत्रात दोन शब्द टाकतो आणि समोर शेकडो पाने उभी राहतात. त्यात प्राध्यापकांची पाने असतात, शिकवणीवाल्यांच्या जाहिराती असतात, कोणीतरी कोणाचे तरी उतरवून घेतलेले असते, आणि सगळ्यांची अक्षरे सारखीच सुबक दिसतात. हाताने लिहिलेल्या वहीत गिचमिड अक्षरावरून तरी काही अंदाज यायचा. इथे खोट्यालाही छापील अक्षराचा मान मिळतो.

किती, याचे एक उदाहरण आपल्या अंगणातलेच आहे. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या संघर्षावर एक लेख आला. गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ साली मोठे युद्ध झाले, असे त्यात तपशीलवार लिहिले होते. सुमारे साडेचार हजार शब्दांचा लेख, खाली पुस्तकांची आणि पृष्ठांची जंत्री. विकिपीडियाच्या संपादकांनी त्याला 'चांगला लेख' असा दर्जाही दिला. हा दर्जा मोजक्याच लेखांच्या वाट्याला येतो.

पाच वर्षांहून अधिक काळ तो लेख जगभर वाचला जात होता. अखेर २०१२ च्या अखेरीस एका चिकित्सक संपादकाने त्यातील संदर्भ शोधायला घेतले, तेव्हा ती पुस्तके कुठेच सापडेनात. पुस्तकेच नव्हती, कारण युद्धच झाले नव्हते! सारा लेख कोणीतरी मनाने रचलेला होता. तो काढून टाकण्यात आला.

आता गंमत पाहा. हा लेख महाराष्ट्रातल्या चौथीच्या मुलाला मराठीत वाचून दाखवला असता, तर त्याने काय विचारले असते? शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे १६४० साली ते दहा वर्षांचे होते. राज्याभिषेक झाला १६७४ साली. मग १६४० मध्ये मराठा साम्राज्य आले कुठून? आणि डिचोली तर तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली होती. पोर्तुगिजांच्या ताब्यात ती कायमची गेली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

जगभरच्या वाचकांना जे पाच वर्षे खटकले नाही, ते आपल्या शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत खटकले असते. कारण त्याच्या डोक्यात आधीच चार पक्क्या सनावळ्या असतात. 'आता सगळे मोबाईलवर मिळते, पाठ करायची गरज काय?' असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. डोक्यात काहीच नसेल, तर पडद्यावरचे खोटे खटकणार तरी कशाला?

विद्वानही फसतात

फसतात ती नवखी पोरेच, असे मात्र समजू नये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ४५ जणांना काही संकेतस्थळे पाहून ती कितपत विश्वासार्ह आहेत ते सांगायला लावले. त्यात १० इतिहासतज्ज्ञ होते, २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी होते आणि १० जण बातम्यांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे होते.

इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचत. बोधचिन्ह भारदस्त आहे, भाषा शास्त्रीय आहे, खाली संदर्भ आहेत, असे पाहून त्यांतले बरेच जण चकले. सत्यता तपासणाऱ्यांची रीत निराळी होती. ते त्या पानावर फार रेंगाळलेच नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात, हे शोधू लागले. त्यांचा निर्णय लवकरही झाला आणि बरोबरही ठरला.

यात नवीन ते काय? मुलीला स्थळ आले, तर आपण काय करतो? मुलाकडची मंडळी स्वतःविषयी जे सांगतात ते ऐकून घेतो, चहा-पोहे होतात, पण होकार देण्याआधी त्यांच्या गावात, शेजारात, कचेरीत चौकशी करतो. विवाहस्थळाच्या बाबतीत जो व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो, तोच संकेतस्थळाच्या बाबतीत पाळायचा. मुलाचे गुण मुलाच्या घरी बसून कळत नाहीत आणि संकेतस्थळाचे त्याच्या पानावर बसून.

पाच प्रश्न

महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि घरातल्या मोठ्यांनीही पाच प्रश्न मनाशी पक्के ठेवावेत.

पहिला : हे कोणी लिहिले? नाव आहे का, त्या नावाचा माणूस खरोखर त्या विषयातला आहे का, त्याची संस्था कोणती? संस्थेचा पत्ताही पाहावा. आपल्याकडे 'डॉट एसी डॉट इन' आणि 'डॉट एज्यू डॉट इन' ही शेपटे शिक्षणसंस्थांसाठी राखलेली आहेत, तर 'डॉट गव्ह डॉट इन' सरकारी कार्यालयांसाठी. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' मात्र कोणीही पैसे भरून घेऊ शकतो. अर्थात शेपूट बरोबर आहे म्हणून मजकूरही बरोबर, असे नव्हे. पण निदान घर कोणाचे आहे, ते तरी कळते.

दुसरा : कशासाठी लिहिले? शिकवण्यासाठी, विकण्यासाठी, की मत पटवण्यासाठी? तमिळनाडूतच तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरवून घेतला. दगडावर कोरलेला, अस्सल, तारखेसह. तरीही इतिहासाचा अभ्यासक तो वाचताना लक्षात ठेवतो, की राजाने स्वतःच्या घराण्याविषयी लिहवलेला हा मजकूर आहे. दगडाला जो प्रश्न विचारायचा, तो पडद्याला विचारायला लाजायचे कशाला?

तिसरा : केव्हा लिहिले? गणितातले प्रमेय शिकवणारे पंधरा वर्षांपूर्वीचे व्याख्यान आजही तितकेच ताजे असते. पण करांचे दर, औषधांचे प्रमाण, संगणकाची भाषा किंवा एखादा कायदा यांविषयीचे तेवढेच जुने व्याख्यान घात करू शकते. चांगल्या शिक्षकाचे व्याख्यानही तारीख पाहूनच ऐकावे.

चौथा : हे त्यांना कळले कुठून? खाली संदर्भ असतील, तर त्यातला एक तरी उघडून पाहावा. डिचोलीचे भांडे फुटले ते अशानेच. आडात नसेल, तर पोहऱ्यात येणार कुठून? आणि आडच नसला तर?

पाचवा : आणखी कोण असे म्हणते? दोन स्वतंत्र ठिकाणी तीच गोष्ट सापडली, तर धीर येतो. मात्र दहा ठिकाणी एकच वाक्य शब्दशः सापडले, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच माणूस दहा टोप्या घालून आलेला असतो.

विकिपीडियाचे काय करायचे?

पुष्कळ शिक्षक विकिपीडियाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. डिचोलीची कथा ऐकल्यावर तर ते अधिकच वाटेल. पण दुसरी बाजूही आहे. २००५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने ४२ वैज्ञानिक विषयांवरचे विकिपीडियाचे आणि ब्रिटानिका ज्ञानकोशाचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात दर लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, हेही खरे. पण एक गोष्ट लक्षात येते. चूक दोन्हीकडे होती.

तेव्हा विकिपीडिया हा गावाच्या वेशीवरचा पाटीवजा दगड समजावा. रस्ता कुठे जातो ते तो सांगतो, पण पाटीलाच कोणी गाव समजून मुक्काम करत नाही. विषयाची तोंडओळख तिथे करून घ्यावी, खालचे संदर्भ टिपून घ्यावेत आणि पुढे मूळ पुस्तकाकडे जावे. मराठीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी सुरू केलेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवरही वाचायला मिळतो. त्यातल्या लेखांखाली लेखकाचे नाव असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना हा मोठा आधार आहे, पण त्यातही लेखाचा काळ पाहायला विसरू नये.

यादीवर भिस्त नको

'कोणती संकेतस्थळे चांगली, याची सरकारने एकदाची यादीच का देऊ नये?' असे पालक विचारतात. यादीचा अनुभवही आपल्याकडे घेऊन झाला आहे. संशोधनाचे लेख पैसे घेऊन डोळे झाकून छापणारी नियतकालिके इंटरनेटवर फोफावली, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. पण त्या यादीतही नको ती नावे शिरली आणि २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला त्यातून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. मग 'केअर' नावाची नवी, अधिक काटेकोर यादी आली. २०२५ साली आयोगाने तीही बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याकडे सोपवली.

याचा अर्थ उघड आहे. पारख करण्याचे काम आता कोणी वरून करून देणार नाही. ते प्रत्येकाला शिकावे लागेल.

हे शिकण्याची गरज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी आणखी वाढवली आहे. ही यंत्रे विचारताक्षणी सफाईदार उत्तर देतात, संदर्भही देतात. पण २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी अशाच यंत्राच्या भरवशावर सहा जुने निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ते सहाही निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. डिचोलीची पुस्तके माणसाने रचली होती, हे निवाडे यंत्राने रचले. पकडण्याची युक्ती मात्र तीच : मूळ संदर्भ उघडून पाहणे.

वर्गात आणि घरात

शिक्षकांनी यासाठी वेगळा विषय काढण्याची गरज नाही. निबंध लिहायला देताना इतकेच सांगावे, की प्रत्येकाने वापरलेली तीन संकेतस्थळे लिहावीत, प्रत्येकापुढे 'यावर विश्वास का ठेवला' याची दोन वाक्ये लिहावीत आणि पान कोणत्या दिवशी पाहिले, ती तारीख टाकावी. तारीख यासाठी, की संकेतस्थळे बदलतात आणि नाहीशीही होतात. या दोन वाक्यांना चार गुण ठेवले, तरी मुले आपोआप विचार करू लागतील. एनपीटेलचे व्याख्यान वर्गात दाखवायचे असेल, तर ते लावून शिक्षकांनी स्टाफरूममध्ये जाऊ नये. मध्येच थांबवावे, विचारावे, 'हे कळले का?' पडद्यावरच्या गुरुजींना सारे येते, फक्त समोरच्या मुलाचा गोंधळलेला चेहरा दिसत नाही. तो वर्गातल्या गुरुजींनाच दिसतो. त्यांची जागा म्हणूनच अजून शाबूत आहे.

पालकांचे काम याहून सोपे आहे आणि अवघडही. सोपे अशासाठी, की त्यांना तो विषय कळण्याची गरज नाही. शिवणकाम करणारी आई किंवा एसटीत वाहक असलेले वडीलही विचारू शकतात, 'बाळा, हे शिकवतंय कोण? हे तुला कुठे मिळालं?' अवघड अशासाठी, की हे संशयाने नव्हे, तर कौतुकाने विचारावे लागते. आणि प्रवेशाचे किंवा परीक्षेचे शुल्क भरताना तर घरातल्या मोठ्यांनी शेजारी बसावेच. कोणी पाठवलेल्या दुव्यावरून पैसे भरू नयेत. संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करावा, शंका आली तर फोन करावा आणि संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग तिथे जाहीर करत असतो. पाच मिनिटांच्या आळसापायी वर्षाची कमाई आणि मुलाचे वर्ष दोन्ही जाऊ शकते.

चेन्नईच्या त्या झाडीतले दार सर्वांसाठी उघडे आहे, ही आपल्या काळातली फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी चांगले गुरू मिळावेत म्हणून मुलांना घर सोडावे लागे, माधुकरी मागावी लागे. आज गुरू घरी येतात. पण घरी येणारा प्रत्येक जण गुरू नसतो. दार उघडण्याआधी 'कोण आहे?' असे विचारण्याची आपल्या घरांची जुनी रीत आहे. मोबाईलच्या पडद्यालाही तीच लावावी, म्हणजे कोपऱ्यात बसलेली मुलगी निर्धास्त शिकेल आणि तिची आईही निर्धास्त झोपेल.